आल्सासमध्ये ५ रात्री: मुक्काम कुठे, कोणती गावं ठेवायची, कोणती गाळायची?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्रान्सच्या आल्सास भागात ५ रात्री काढायच्या आहेत. मोठी माणसं ३, मुलगी १२ वर्षांची. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, पण चढ आणि गोट्यांची फरसबंदी जड जाते. आई आणि मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. यादीत सध्या स्ट्रासबर्ग, कोलमार, एगिसहाइम, रिकवीर, काइझर्सबेर्ग, रिबोविले, ओबर्नाय आणि ओ-कोनिग्सबूर्गचा किल्ला आहे.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा की हलवावा? गाडीशिवाय भागेल का? फोटोत तर सगळी गावं सारखीच दिसतात, मग गाळायचं कोणतं? आणि नौकेची फेरी कोलमारला घ्यावी की स्ट्रासबर्गला?

पांझरा (धुळे)

भाऊ, यादीतली निम्मी नावं खोडा. ५ रात्री म्हणजे हातात पूर्ण दिवस चारच. त्यात आठ ठिकाणं कोंबली तर आई सगळा आल्सास बसच्या खिडकीतूनच बघेल.

मुक्काम कोलमारला, पाचही रात्री. स्टेशनपासून जुनं गाव चालत १५ ते २० मिनिटं, रस्ता सपाट. स्ट्रासबर्गला टीईआर (प्रादेशिक) गाडीनं अर्ध्या तासात पोचता, गाड्याही भरपूर. कागदी तिकिटावर ठसा मारायला सांगितलेलं असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्या. ते विसरलं तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. मोबाइलवरच्या तिकिटाला ही भानगड नाही.

पॅरिसहून कोलमारच्या थेट टीजीव्ही (वेगवान) गाड्या गार द लेस्त स्थानकावरून सुटतात, साधारण अडीच तास. शार्ल द गोल विमानतळाखालच्या स्थानकावरूनही स्ट्रासबर्गला थेट गाड्या आहेत, पण दिवसाला मोजक्याच. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत किमान ३ तास सोडा. स्वस्त तिकीट बहुतेक वेळा त्याच गाडीचं असतं. ती चुकली की पैसे गेले.

आता गावं. एगिसहाइम ठेवा. कोलमारपासून ६-७ किमी, गल्ल्या मधल्या वाड्याभोवती गोल गोल फिरतात, चढ नगण्य. बाहेरची फेरी रमतगमत पाऊण तासात होते आणि कुठूनही निघालं तरी माणूस फिरून तिथेच येतो, म्हणून हरवायची भीती नाही. गोटे आहेतच, पण आईंना मधल्या चौकात कारंज्यापाशी बसवून तुम्ही फिरू शकता. पोप नववा लिओ याच गावचा, जन्म १००२.

दुसरं एकच घ्या: काइझर्सबेर्ग किंवा रिकवीर. रिकवीरचा मुख्य रस्ता खालच्या वेशीपासून १२९१ च्या डोल्डर मनोऱ्यापर्यंत सतत चढतो आणि ११ ते ४ या वेळात सहलीच्या बसगाड्यांनी ठासून भरतो. काइझर्सबेर्गला वाईस नदी गावातून वाहते, १५१४ चा तटबंदीचा पूल आहे, गर्दी जरा विखुरते. वरच्या पडक्या किल्ल्याच्या पायऱ्या आईंनी टाळाव्यात. गुडघे बघता माझं मत काइझर्सबेर्ग. ओ-कोनिग्सबूर्ग गाळा, आत जिनेच जिने. शिवाय आज दिसतो तो किल्ला बराचसा १९०० ते १९०८ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मनं पुन्हा बांधून घेतलेला आहे.

गाडीशिवाय भागतं, एक अट पाळून: गावांच्या फेऱ्या सोमवार ते शनिवारच्या दरम्यान बसवा. फ्लुओ ग्रांतेस्त या प्रादेशिक सेवेच्या बसगाड्या कोलमार स्टेशनसमोरून सुटतात, पण रविवारी तुरळक किंवा अजिबात नाहीत, आणि परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकरच असते. जाण्याआधी परतीची वेळ लिहून घ्या. एगिसहाइमला बस चुकली तर चौघांत टॅक्सी परवडते.

अमळनेरचा_बाबुराव

पाचही रात्री कोलमार, हे मला पटत नाही. स्ट्रासबर्गची मजा दिवसा नाही, संध्याकाळी सातनंतर आहे. दिवसाचे गट परतले की पों कूव्हेर हे जुने पूल आणि वोबान धरणाचा भाग मोकळा होतो. शेवटची गाडी पकडायची घाई असेल तर नेमकं तेच हुकतं. ३ कोलमार, २ स्ट्रासबर्ग करा. परतीची टीजीव्ही स्ट्रासबर्गहूनच घ्या, म्हणजे सामान उगाच मागेपुढे न्यावं लागत नाही.

नौकेबद्दल. कोलमारचं 'छोटं व्हेनिस' ऐकून व्हेनिस डोळ्यांसमोर आणू नका. लाउख नावाची लहानशी नदी आहे. आपल्या पांझरेच्या फडाच्या पाटापेक्षा थोडी रुंद म्हणा. बोट सपाट तळाची, बाक बुटके, फेरी अर्ध्या तासाची, सँ-पिएर पुलाजवळून. पुलाखाली मान वाकवावी लागते. स्ट्रासबर्गची फेरी सुमारे ७० मिनिटांची, रोआन राजवाड्याजवळच्या धक्क्यावरून. पेतीत-फ्रान्स या जुन्या भागात बोट दारं असलेल्या हौदात शिरते आणि पाण्याची पातळी बदलून पुढे जाते. मुलीला ते नक्की आवडेल. ऊन असेल तर काच-छताची बोट घेऊ नका, आत उकडतं. आईंना बसून शहर दाखवायचं तर स्ट्रासबर्ग. कोलमारची फेरी हुकली तर हुकली, मासेबाजाराच्या घाटावरून तेच फुकट दिसतं.

स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलमधल्या खगोलीय घड्याळातल्या पुतळ्यांचा खेळ दुपारी साडेबाराला होतो, बाराला नाही. घड्याळ स्थानिक सौरवेळेवर लावलेलं आहे, अर्धा तास मागे. त्या खेळाला वेगळं तिकीट लागतं, आधी घ्या. कोलमारच्या उंटरलिंडन संग्रहालयाला मंगळवारी सुट्टी. चित्रकार ग्र्युनेवाल्डचं इझेनहाइमचं वेदीचित्र (१५१२ ते १५१६) तिथे आहे. त्याच्यासाठी एक तास वेगळा ठेवा, बाकी दालनं राहिली तरी चालतील.

धाबं_आणि_माळवद (चोपडा)

मुक्कामाचं दोघांनी सांगितलंय. 'सगळी गावं सारखीच दिसतात' यावर लिहितो. घर वाचता आलं नाही तर तिसऱ्या गावात कंटाळा येणारच.

आपल्याकडच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात भार लाकडी खांब आणि तुळया घेतात, मातीची भिंत नुसती आडोसा. तिकडेही तत्त्व तेच, फक्त लाकूड सागाऐवजी ओक आणि सांगाडा भिंतीत न लपवता बाहेर दाखवलेला. उभे खांब, आडव्या तुळया, तिरपे आधार. खिळे नाहीत, कूस आणि खाच, वर लाकडी खुंटी ठोकलेली. मधल्या चौकटीत काठ्या विणून त्यावर चिखल आणि गव्हाचं काड थापतात, वरून चुन्याचा गिलावा. म्हणजे चक्क कूड. अक्कलकुवा-धडगावकडे बांबूचा कूड लिंपतात, आपण तुराट्यांचा घालतो, तसाच.

काय बघायचं ते सांगतो. एक, तळमजला. तो बहुधा दगडी असतो, कारण लाकूड थेट जमिनीच्या ओलीवर ठेवलं तर कुजतं, आणि द्राक्षवाल्यांच्या घरात पिंपांचं तळघरही असतं. दोन, वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. त्यानं खोली वाढते आणि खालच्या भिंतीवर पाऊस लागत नाही. तीन, सांध्याजवळ छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे. सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, मग आकड्यांप्रमाणे उभा करायचे. म्हणूनच घर उकलून दुसरीकडे नेता येत असे. चार, खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपे आधार लागून झालेली हातपाय पसरलेल्या माणसाची आकृती. तिला तिकडे 'मान', म्हणजे माणूसच म्हणतात. पाच, दारावर किंवा कोपऱ्याच्या खांबावर कोरलेलं साल आणि धंद्याची खूण: छाटणीचा कोयता दिसला तर द्राक्षवाला, गाठ मारलेला ब्रेत्सेल पाव दिसला तर पाववाला.

चामडं कमावणाऱ्यांची घरं वेगळी ओळखू येतात. कातडी वाळवायला वरचे माळे उंच आणि हवेशीर, आणि घरं पाण्याला लागून. कोलमारचा कातडीवाल्यांचा मोहल्ला आणि स्ट्रासबर्गमधलं १५७२ चं मेझों दे तानर बघा. आज चहाकॉफीची टेबलं मांडलेल्या त्या घाटांना एकेकाळी कसला वास येत असेल, ते सांगायला नको. पेतीत-फ्रान्स हे गोड नावसुद्धा तिथल्या उपदंशाच्या रुग्णालयावरून पडलंय. त्या रोगाला तेव्हा फ्रेंच रोग म्हणत.

अशी घरं बिघडतात ती सिमेंटमुळे. चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा केला की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि ओक आतून भुसा होतो. गिलाव्याच्या कडेला लाकूड काळं पडलेलं दिसलं तर कारण बहुधा हेच.

आणि रिकवीरच्या वाटेवर बेनवीर, मितेलवीर ही गावं लागतील. नावं जुनी, घरं नवी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत ती जमीनदोस्त झाली. रिकवीर वाचलं. फक्त घरांसाठी जायचं तर मी काइझर्सबेर्ग सोडून रिकवीरच घेईन, पण सकाळी दहाच्या आत.

भरीत_पार्टी (यावल)

जेवणाचं कोणीच बोललं नाही, आणि अडचण तर तिथेच येणार.

'शाकाहारी' शब्दावर विसंबू नका, पदार्थाचं नाव घेऊन विचारा. फ्लामकुश, म्हणजे पातळ पोळीवर साय, मऊ चीज आणि कांदा. नेहमीच्या फ्लामकुशवर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. मागताना 'सां लार्दों' म्हणा. मशरूमवालीवरही ते असू शकतात, तेव्हा तिथेही तेच विचारा. ही भट्टीत मागणीप्रमाणे भाजतात, त्यामुळे वगळणं सोपं. कांद्याच्या टार्टमध्ये अंडं, श्पेत्सले शेवयांत अंडं, कुगेलहोफ केकमध्ये अंडं. शूक्रूत म्हणजे आंबवलेला कोबी, तो निरुपद्रवी दिसतो, पण तो बहुधा चरबीत आणि वाइनमध्ये शिजतो. मुंस्टर चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं. आईंना चालत नसेल तर चीज टाळा. ब्रेत्सेल, बागेत (लांब फ्रेंच पाव), फळं, भाजलेला बटाटा यावर दिवस निघतो.

स्वयंपाकघरं दुपारी दोनला बंद, संध्याकाळी साडेसहा-सातशिवाय उघडत नाहीत. रविवारी किराणा दुकानं बंद. आल्सासमध्ये हा नियम उरलेल्या फ्रान्सपेक्षा कडक आहे. शनिवारी संध्याकाळीच दूध, दही, पाव, फळं घेऊन ठेवा. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर खिचडीचं सामान आणि दशम्या-चटणी सोबत असू द्या. हॉटेलात साधं पाणी फुकट मिळतं, 'कराफ दो' मागा, नाहीतर बाटलीचं बिल लागेल.

तापीकाठ (जळगाव)

खूप आभार. ३ + २ पक्कं. ओबर्नाय, रिबोविले, किल्ला गाळले. एगिसहाइम आणि रिकवीर, दोन्ही सकाळच्या बसनं. भाऊजींना वाइन चाखायची आहे, आई आणि मुलीला अर्थातच नाही. त्या दिवसांत द्राक्षतोडणी चालू असते ना? मळ्यात जाता येतं का?

पांझरा (धुळे)

सप्टेंबरअखेर तोडणी बऱ्याचदा चालू असते. मळ्यातल्या काही पायवाटा त्या काळात बंद ठेवतात, फलक दिसला की मागे फिरा. घड तोडू नका. आपल्या केळीच्या बागेत कोणी घड कापला तर आपण काय म्हणू, तेच. लहान उत्पादक तेव्हा कामात बुडालेले असतात, आधी फोन करून जा किंवा गावातल्या मोठ्या तळघरात जा.

चाखण्याचा क्रम कोरडीकडून गोडीकडे: सिल्वानेर, रीसलिंग, पिनो ग्री, शेवटी गेव्यूर्त्स्त्रामिनेर. उलट केलं तर रीसलिंग आंबट पाणी लागते. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं असभ्य नाही. २०२१ च्या हंगामापासून बाटलीवर गोडी लिहिणं सक्तीचं आहे: 'सेक' कोरडी, 'द्मी-सेक' किंचित गोड, 'म्वाल्यो' गोड, 'दू' फार गोड. चार-पाच प्रकार फुकट चाखले की एखादी बाटली घेण्याचा रिवाज आहे. भारतात माणशी २ लिटर मद्य करमुक्त. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

आई आणि मुलीसाठी 'ज्यू द रेझँ' मागा, तो द्राक्षांचा साधा रस. त्याच काळात 'व्हँ नुव्हो' नावानं गढूळ गोड पेय मिळतं, ते रसासारखंच दिसतं, पण आंबत असलेली वाइन आहे. त्याचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, आत वायू तयार होत असतो. घट्ट बंद करून बॅगेत टाकलंत तर बाटली फुटेल, आडवी ठेवलीत तर सगळे कपडे भिजतील. प्यायचं तर तिथेच.