विमानाच्या त्या प्रसंगात संगीत नाहीच

हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' या सिनेमात विमान नायकाचा पाठलाग करतं, तो प्रसंग पार्श्वसंगीतामुळे अंगावर येतो, असं एकाने म्हटलंय. अंगावर येतो हे शंभर टक्के मान्य, पण तिथे संगीत नाहीच! नायक केरी ग्रँट बसमधून उतरतो, तिथपासून नुसते आवाज आहेत: भरधाव जाणाऱ्या गाड्या, मग लांबून येणारी विमानाची घरघर. विमान टँकरवर आदळतं तेव्हा कुठे संगीतकार बर्नार्ड हर्मनचा वाद्यवृंद सुरू होतो. पुन्हा बघाल तेव्हा कान देऊन ऐका, फार मजा येते.

मला तर ही शांतताच जास्त भयानक वाटते. हिचकॉकने अंधारी गल्ली, रात्र, सावल्या हे नेहमीचं सगळं मुद्दाम टाळलं आणि भर उन्हात, सपाट माळावर माणसाला उभं केलं. लपायला झाडसुद्धा नाही. त्यात हा नायक गुप्तहेर वगैरे कुणी नाही, जाहिरात कंपनीतला साधा माणूस. ज्या कॅप्लन नावाच्या हेराशी गल्लत करून लोक त्याच्या जिवावर उठलेत, तो कॅप्लन मुळात अस्तित्वातच नाही. अशा वेळी संगीत वाजलं असतं तर पुढे काय होणार याची चाहूल आपल्याला आधीच लागली असती. त्याला नाही, मग आपल्याला तरी का लागावी?