घोडा वापरायला देताना चंदीचं माप आणि ग्लँडर्स

घोडा दुसऱ्याला वापरायला देताना काय काळजी घ्यावी, असं विचारलं की ‘स्टँपपेपरवर लिहून घ्या, म्हणजे झालं’ असं सांगितलं जातं. कागद हवाच, पण दुसऱ्याकडे गेलेलं जनावर बऱ्याचदा आजारी पडतं ते खाण्यापायी. नेणारा कौतुकाने पहिल्याच दिवशी भिजवलेले हरभरे घमेलंभर पुढे ठेवतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे बिघडलं की थेट पोटशूळ, नाहीतर खूर तापून लंगडणं. सोबत आठवड्याची आपलीच चंदी, म्हणजे घोड्याचं दाण्याचं खाद्य, द्या, नवी 7 ते 10 दिवसांत थोडी थोडी मिसळायला सांगा. मापाचा डबाही आपलाच द्या. ‘दोन डबे’ म्हणजे कुणाचे, हा वाद नको.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. वरातीच्या मोसमात चार गावचे घोडे एकाच हौदावर पाणी पितात, लागण अशीच होते. हा रोग माणसालाही होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवावा लागतो, आणि चाचणीत नक्की झाला तर जनावर मारावंच लागतं. तिथे स्टँपपेपर काय करणार? परत आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, बादली आणि खरारा वेगळा. नाकातून चिकट पिवळा स्राव किंवा मागच्या पायाला आतून गाठी दिसल्या, तर हात न लावता पशुवैद्यकाला बोलवा.