मुंबई–लंडन अंतर ७,२०० किमी, मग नक्की किती तास?

प्रश्न (कोथरूडकर):
अंतर सांगणाऱ्या साइटवर मुंबई ते हीथ्रो ७,२०० किमी, वेळ साडेआठ तास. तिकिटावर दुपारी १:३० ला सुटून संध्याकाळी ६ ला लंडन, म्हणजे साडेचारच तास! परतीचं सकाळी १० ला सुटून रात्री १२:३० ला मुंबई, म्हणजे साडेचौदा. आई-बाबा जानेवारीत जातायत, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा बसवायच्या आहेत. खरे तास किती धरू?

निळीरेघ:
तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा, की ग्रिनिचची वेळ मिळते. दुपारी १:३० म्हणजे ग्रिनिचचे सकाळी ८. जानेवारीत लंडनचं घड्याळ ग्रिनिचवरच चालतं, म्हणजे जाताना १० तास, येताना ९. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन एक तास पुढे असतं, तेव्हा फरक साडेचारच धरायचा.

टेलविंड:
७,२०० किमी बरोबर आहे (सुमारे ३,८९० सागरी मैल), पण ते पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजलेलं. ती दोरी कच्छ, कराचीच्या आसपासचा भाग, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, क्रिमिया आणि युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना वाट बंद केली, त्यामुळे त्यांना आणखी दक्षिणेकडून वळसा. इराण-इराकमध्ये तणाव वाढला की मार्ग पुन्हा हलतो. एकूण, साइटवरच्या रेषेवरून आज कुणी उडत नाही.

हिशेब असा करा. वळसा धरून ७,६०० किमी. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० च्या आसपास. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) जोरात असतो. जाताना तो सरासरी ८० ने अडवतो असं धरलं तर जमिनीवरचा वेग ८२०, म्हणजे सव्वानऊ तास. येताना तोच पाठीशी, ९८०, म्हणजे पावणेआठ. दोन्हीकडे पाऊण तास वर: धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढताना-उतरताना कमी वेग, उतरल्यावर पार्किंग. झाले दहा आणि साडेआठ. वारा रोज वेगळा, म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतात.

निळीरेघ:
यात हीथ्रोच्या घिरट्या धरा. गर्दीच्या वेळी बोव्हिंगडन, लॅम्बोर्न, बिगिन, ऑकम या चार ठिकाणी विमानं एकावर एक थरांत फिरत थांबतात, त्यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी साधारण एकच वापरात. सुटायलाही रांग लागते.

कोथरूडकर:
म्हणजे दहा तास धरू?

टेलविंड:
खुर्चीत अकरा धरा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलतं तिथून सुरू होते, माणसं त्याआधी पाऊणएक तास बसलेली असतात. फ्लाइटरडार२४ वर (विमानं कुठे आहेत ते दाखवणारी साइट) त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागचे आठवडाभराचे खरे वेळ बघा, एका दिवसावर जाऊ नका. एक घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, गोळ्या त्यावर. लंडनच्या वेळेवर कधी न्यायच्या ते डॉक्टरांना आधी विचारा. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, खाली टाकलेल्या सामानात नको.