जुनाट टाचदुखी आणि अतिसंवेदनशील झालेली मज्जासंस्था : अनुभव व मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझे वय ४६ असून मी कोल्हापुरात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ कडक फरशीवर उभे राहण्यात जातो. दोन वर्षांहून अधिक काळ माझी उजवी टाच दुखत आहे. सुरुवातीला सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येई आणि थोडे चालल्यावर ती ओसरे. अस्थिरोगतज्ज्ञांनी प्लांटर फॅसायटिसचे, म्हणजे तळव्याच्या जाड पडद्याच्या दुखण्याचे, निदान केले. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड थोडे वाढलेले दिसले, पण असे वाढलेले हाड टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ लोकांमध्येही आढळते, असे त्यांनीच सांगितल्यामुळे तो विषय तिथेच संपला. सिलिकॉनचे हील कप, मऊ चपला, पोटरीचे स्ट्रेचिंग, एक स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून घेतलेला शेक, हे सर्व करून झाले आहे. इंजेक्शनचा गुण काही आठवडेच टिकला. शेकाने मात्र अजूनही तात्पुरते बरे वाटते.

माझा खरा प्रश्न त्यापुढचा आहे. गेल्या काही महिन्यांत दुखण्याचे स्वरूपच बदलले आहे. आता पहिल्या पावलाची कळ फारशी राहिलेली नाही; त्याऐवजी टाचेभोवती, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि कधीकधी पोटरीपर्यंत आग होते. रात्री सोलापुरी चादरीचा काठ टाचेला घासला तरी सहन होत नाही, म्हणून पाय पांघरुणाबाहेर ठेवूनच झोपावे लागते. डाव्या टाचेतही तसेच काहीसे सुरू झाले आहे. शिवाय दुखणे आणि पायावरचा भार यांचा मेळ बसत नाही. भाचीच्या लग्नात दिवसभर उभी होते तेव्हा त्रास जेमतेम झाला, परंतु उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन जागरण केले की खुर्चीत बसल्या जागी टाच पेटते.

हे ऐकून फिजिओथेरपिस्टनी सेंट्रल सेन्सिटायझेशनची, म्हणजे मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झाल्याची, शक्यता बोलून दाखवली. दुखण्याचे संदेश दीर्घकाळ येत राहिले की मज्जारज्जूतील पेशी अधिक उत्तेजनक्षम होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदनेचे उत्तर देऊ लागतात, हे वेदनासंशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये नोसिप्लास्टिक वेदना (स्पष्ट इजा किंवा नसेचा आजार दिसत नसताना वेदनायंत्रणेतील बदलामुळे होणारी वेदना) असा एक वेगळा प्रकारही मान्य केला. हे वाचून मला दिलासा मिळाला, पण घरच्यांनी त्याचा अर्थ ‘म्हणजे सगळे मनाचे खेळ’ असा लावला, आणि ते समजावत बसण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही.

तपासण्यांपैकी एचबीए१सी (रक्तातील सरासरी साखर) आणि थायरॉइड सामान्य आहेत, बी-१२ कमी होते ते भरून काढले आहे, एचएलए-बी२७ (सांध्यांच्या काही दाहक आजारांशी निगडित तपासणी) निगेटिव्ह आहे. एमआरआयमध्ये तळव्याचा पडदा किंचित जाड दिसला. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा) नाही.

माझी पहिली शंका अशी की, टाचेखालून जाणारी बॅक्स्टर्स नर्व्ह दबली किंवा टार्सल टनेलमध्ये (घोट्याच्या आतल्या बाजूच्या अरुंद मार्गात) नस आवळली गेली, तरीही आग आणि मुंग्या येतातच. मग पायातली नस दबली आहे की मज्जारज्जू-मेंदूची यंत्रणा हळवी झाली आहे, हे तज्ज्ञ कसे ठरवतात? नसेभोवती भूल देऊन दुखणे किती थांबते ते पाहण्याची चाचणी कोणी करून घेतली आहे का, आणि त्यावरून उपचारात काही फरक पडला का?

दुसरी शंका व्यायामाची आहे. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीवर टाचा सावकाश उचलण्याचा व्यायाम एक दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांनंतर नुसत्या स्ट्रेचिंगपेक्षा अधिक आराम पडला, असे डेन्मार्कमधील एका चाचणीत दिसले होते. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गट सारखेच होते. मी तो सुरू केला, परंतु त्यानंतरची आग दोन-दोन दिवस टिकते. अशा वेळी भार कमी करून चालू ठेवावे, की आधी झोप आणि दुखण्याची भीती यांवर काम करावे? ज्यांची मज्जासंस्था अशीच हळवी झाली होती, त्यांनी सुरुवात किती कमी भाराने केली, हे कळले तर फार उपयोग होईल.

डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन किंवा रात्री अल्प मात्रेत अॅमिट्रिप्टिलिन असे दोन पर्याय सुचवले आहेत. ही औषधे नैराश्यासाठीही वापरतात, याचे मला काही वाटत नाही. सकाळी साडेसातच्या तासाला गुंगी राहील का, एवढीच धास्ती आहे. कोणी घेतली असल्यास सकाळच्या गुंगीबद्दल अवश्य लिहावे.

कोल्हापूर, सांगली किंवा पुणे परिसरात जुनाट वेदनेवर फिजिओथेरपिस्ट, वेदनातज्ज्ञ आणि समुपदेशक एकत्र बसून उपचार करतात असे केंद्र माहीत असल्यास तेही सांगावे. तेले, चुंबकीय चपला आणि हाड घासून काढण्याच्या शस्त्रक्रियेची शिफारस कृपया करू नये.