मदत हवी आहे: कोकमाचा ब्रिक्स ५२ आला आणि मी बाटलीवर ‘सिरप’ छापून बसले आहे

कळवेकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात कळव्याला राहते. सहा वर्षं घरूनच कोकम, करवंद आणि आवळ्याचं सरबत करून विकते. सोसायटीतले लोक, नातेवाईक, महिला मंडळांची प्रदर्शनं, एवढंच गिऱ्हाईक. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे, चौदा आकडी नंबर बाटलीवर असतो. कोकम कुडाळहून मावसबहीण पाठवते, आवळा वाशी मार्केटातून आणते.

यंदा एका दुकानवाल्यांनी माल मागितलाय. आधी ठाणे, नवी मुंबई, पुणे. खपला तर इंदूर आणि बेळगावसुद्धा. त्यांची अट होती लॅबच्या रिपोर्टची. म्हणून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका लॅबला कोकमाची बाटली दिली. रिपोर्टात टीएसएस (विरघळलेले घन पदार्थ, मुख्यतः साखर) ५२ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ५२ ग्रॅम, बेंझोइक ॲसिड ८३० पीपीएम (दहा लाखात ८३० भाग), बाकी आम्लता आणि जंतू ठीक. खाली शेरा, ‘फ्रूट सिरप’च्या मानकात बसत नाही.

आणि माझ्याकडे तीन हजार लेबलं छापून तयार: ‘कोकम फ्रूट सिरप’.

माझं प्रमाण असं: १०० किलो तयार मालात ३० किलो रस (साखरेत मुरवून सुटलेला, आगळ नाही). माल टिकावा म्हणून सोडियम बेंझोएट किलोला एक ग्रॅम, क्लासमध्ये शिकवलं तसं. ब्रिक्स घरी मोजते. माझा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) ०-३२ वाला, म्हणून एक वाटी सरबत, एक वाटी पाणी, येईल त्या आकड्याची दुप्पट. माझ्या हिशोबाने ५७-५८ येत होता!

आता साखर वाढवू की नाव बदलू? बेंझोएट कमी करायला हात धजत नाही, कारण गेल्या मे महिन्यात करवंदाच्या दोन बाटल्या फसफसून झाकणं उडाली होती. देवघराच्या भिंतीवर डाग अजून आहेत.

जुना_एफपीओवाला

ताई, मी तीस वर्षं फळप्रक्रियेच्या कारखान्यात क्वालिटीला होतो, आता घोडबंदरला नातवंडं सांभाळतो. मानकांचे आकडे १९५५ च्या फळपदार्थ आदेशापासून, म्हणजे एफपीओपासून चालत आलेत. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला, २०११ चे नियम आले, आकडे तेच राहिले. फळाचा अंश सगळ्यांना किमान २५ टक्के. फरक ब्रिक्सचा: कॉर्डियल ३०, स्क्वॅश ४०, क्रश ५५, सिरप किंवा फळाचं सरबत ६५. आपण घरात सगळ्यालाच सरबत म्हणतो, पण लेबलवर ‘फ्रूट सिरप’ लिहिलं की तुम्ही ६५ कबूल केलेत.

आधी तुमची मोजणी. वाटीला वाटी घेतलीत तिथे गफलत झाली. ५२ ब्रिक्सचं सरबत पाण्यापेक्षा जवळजवळ पाव पटीने जड असतं. एक वाटी सरबत म्हणजे १२४ ग्रॅम धरा, पाणी १०० ग्रॅम. मिश्रण येतं २८.८, दुप्पट ५७.६. म्हणजे तुमचं यंत्र बरोबर, वाटी चुकली. वजनाने निम्मं केलं असतं तर ५२ च दिसला असता. तरी ४५-८२ चा रिफ्रॅक्टोमीटर घ्याच.

आता साखर. ५२ चे ६५ करायला १०० किलोला साधारण ३७ किलो साखर लागेल. पण मग माल झाला १३७ किलो आणि रस तोच ३० किलो, म्हणजे २२ टक्क्यांच्या खाली. ब्रिक्स पास, फळ नापास. हा सापळा भल्याभल्यांना दिसत नाही. सिरपच करायचं तर आजच्या शंभर किलोत ३४ किलोच्या वर रस हवा, मग साखर.

मुलुंड_चेकनाका

बेंझोएट सोडा आणि केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) वापरा ना. आमच्याकडे लिंबाला तेच वापरतात, ३५० पीपीएम सल्फर डायऑक्साइडपर्यंत चालतं.

जुना_एफपीओवाला

लिंबाला उत्तम, कोकमाला अजिबात नको. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, सल्फर डायऑक्साइड तो उडवतं. जांभूळ, करवंद, कोकम यांना बेंझोएटच.

ताई, मर्यादा ६०० पीपीएम आहे आणि ती बेंझोइक ॲसिडची. एक ग्रॅम सोडियम बेंझोएटमधून सुमारे ०.८५ ग्रॅम ॲसिड मिळतं. किलोला एक ग्रॅम म्हणजे ८४७ पीपीएम, तुमच्या रिपोर्टातले ८३० तिथूनच आले. क्लासवाल्यांनी रांगेने सगळ्यांना हेच शिकवलं असणार. किलोला ०.६५ ग्रॅम घ्या, ५५० च्या आसपास राहाल. पण चिमटीने नको, दागिने तोलायच्या काट्यावर मोजा आणि आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग घाला.

करवंदाचं म्हणाल तर बेंझोएट कमी पडलं असं मला नाही वाटत. गरम भरून लगेच झाकण लावलंत का? वाफ झाकणाखाली थिजते, थेंब वरच्या थरावर पडतात, तो थर पातळ होतो आणि यीस्ट तिथूनच सुरू होतं. झाकण लावून बाटली दोन-तीन मिनिटं आडवी करा.

वाशीचा_हिशोबनीस

इंदूर-बेळगावचं बोललात म्हणून सांगतो. मालाची विक्री राज्याबाहेर गेली की उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. एफएसएसएआयच्या नोंदणीलाही मर्यादा असते, ती ऑर्डरच्या नादात ओलांडू नका. आणि वैधमापनवाल्यांकडे (वजन-मापं खात्याकडे) पॅकर म्हणून नोंद आहे का? नसेल तर लगेच अर्ज करा, तो स्वस्तात होतो. नवीन लेबलवर एमआरपीसोबत प्रति मिली किंवा लिटरचा दरही हवा.

कळवेकरीण

काका, तुमचे आकडे वाचून वाट्या सिंकमध्ये टाकल्या. हो, करवंद गरमच भरलं होतं आणि लगेच झाकण. नवरा तेव्हा म्हणाला होता की झाकण घट्ट लावलं नसेल, त्याला आता हे वाचायला देते.

मग ५२ ब्रिक्स आणि ३० टक्के रस असताना हाच माल ‘कोकम स्क्वॅश’ म्हणून बसतो ना? मला चवही हीच हवी आहे. काल रात्री साखर वाढवून अर्धा किलो करून पाहिलं, कोकम मागेच पडलं. आमच्याकडे एकास चार पाणी घालतात, त्यात फक्त गोड पाणी लागलं. आणखी एक, जुन्या लेबलांवर नावापुरता स्टिकर लावला तर?

जुना_एफपीओवाला

स्क्वॅशमध्ये आरामात बसतो. ज्यांना माल द्यायचा त्यांना आधी कळवा, त्यांच्या यादीतही नाव बदलावं लागेल. नोंदणीत कोणता प्रकार टाकलाय तेही एकदा बघून घ्या. स्टिकर नको. खाली ‘फ्रूट सिरप’ आणि वर ‘स्क्वॅश’ अशी बाटली मी तपासायला घेतली असती तर पहिली नखाने खरवडली असती. घटकांमध्ये आयएनएस २११ (सोडियम बेंझोएटचा क्रमांक) लिहायला विसरू नका. आणि बॅचची वही ठेवा: कोकम किती, रस किती, साखर किती, तारीख. बाटलीकडे बघून २५ टक्के फळ कुणाला दिसत नाही, ते वहीतच दाखवता येतं.

मुलुंड_चेकनाका

शिल्लक मालाचं काय? ८३० वाला?

कळवेकरीण

चौसष्ट बाटल्या आहेत. विकणार नाही. पुढच्या बॅचला बेंझोएट न घालता त्यात मिसळून आकडा खाली आणावा असं मनात आलं होतं, पण नको, वहीचं पहिलंच पान असं सुरू व्हायला नको. लेबलवाल्याला फोन केला, तो म्हणतो तीन हजारांच्या खाली छापत नाही. कळवा, विटावा, ऐरोली भागात पाचशे लेबलं छापून देणारं कुणी माहीत आहे का?