मदत हवी आहे: १९५१-५२च्या भारतीय क्रिकेट संघाच्या सह्या खऱ्या की एकाच हातच्या?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या सह्यांच्या वहीत एका गुलाबी पानावर विजय हजारे, विनू मांकड, दत्तू फडकर, पॉली उम्रीगर आणि पंकज रॉय अशा पाच सह्या आहेत. पानावर 'ब्रेबॉर्न, डिसेंबर १९५१' असं आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरची इंग्लंडविरुद्धची कसोटी.

दहापट भिंगातून पाहिलं. छपाईचे ठिपके नाहीत, निळी शाई कागदाच्या तंतूंत पसरलीय, मागच्या बाजूला निबाचा दाब बोटाला लागतो. म्हणजे छापील नक्की नाहीत. पण पाचही सह्यांची शाई एकच, आणि मांकड व फडकर यांच्यातला 'd' हुबेहूब सारखा! एकाने सगळ्यांची नावं लिहून दिली असतील का, ही शंका जात नाही. पेन आजोबांचंच फिरलं असेल तर शाई एकच असणार, हेही खरं. नेटवरच्या लिलावांतले नमुने ताडून पाहिले, पण त्यांचीच खात्री कोण देणार?

विकायचं नाही, लॅमिनेशनही करणार नाही. वही नाशिकबाहेर कुरियरने पाठवायची हिंमत नाही; स्कॅन देऊ शकतो.

मांकड-फडकर यांच्या १९५०च्या आसपासच्या खात्रीशीर सह्या कुणाकडे आहेत का? आणि ताडताना अक्षराच्या वळणात नेमकं काय बघायचं?