अनोळखी माणसासाठी दान द्यावे, की आधी आपल्या माणसांचे पाहावे?

धरमपेठकर (प्रश्न):
उत्पन्नातील काही रक्कम दरवर्षी दानासाठी बाजूला काढण्याची पद्धत आमच्या घरी वडिलांपासून चालत आली आहे. आजवर ती भाच्याचे महाविद्यालयाचे शुल्क, घरी काम करणाऱ्या ताईंच्या घराचे छप्पर अशा ओळखीच्या गरजांवर खर्च झाली. यंदा मुलीचे म्हणणे असे की, ओळखीच्यांना दिले ते कर्तव्यच झाले. दान द्यायचे तर ज्यांच्याशी आपले काहीही नाते नाही अशांना द्यावे. सौभाग्यवतींचे मत नेमके उलट असून, डोळ्यांसमोरची अडचण सोडून न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवण्यात त्यांना शहाणपण दिसत नाही. जाणकारांनी आपले मत कारणांसह मांडावे, ही विनंती.

मेडिकल चौक:
नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रुग्णांच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या एका गटाबरोबर मी काम करतो, म्हणून लिहितो. गडचिरोलीहून, किंवा थेट मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाड्याहून रुग्ण येथे भरती होतो, तेव्हा त्याच्या सोबतच्या माणसाला या शहरात ओळखणारे बहुधा कोणीच नसते. प्रत्येक नागपूरकराने फक्त आपल्या ओळखीच्यांनाच द्यायचे ठरवले, तर त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष एवढाच की तो आपल्यापैकी कोणाचा कोणी लागत नाही. आपल्या कन्येचे म्हणणे मला त्यामुळे पटते.

मात्र काय द्यावे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. वाढदिवस असो वा पुण्यतिथी, सर्वांना अन्नदानच करायचे असते. सुटीच्या दिवशी मसालेभाताची पातेली घेऊन दोन-तीन गाड्या एकाच वेळी येतात आणि पत्रावळीत उरलेला भात कचऱ्यात जातो. त्याच वेळी व्हरांड्यात चटईवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सांभाळत एखादी बाई बसलेली असते. तिला जेवण नको असते, गावी परतण्यासाठी बसचे भाडे हवे असते, पण भाडे देताना फोटो चांगला येत नसावा.

एक वाचक:
उपचार हा शासनाच्या जबाबदारीचा भाग आहे, हे दानाच्या उत्साहात विसरले जाते. आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. हजार रुपये देण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाला उत्पन्नाचा दाखला मिळवून देऊन त्या खाटेपर्यंत पोहोचवणे मला अधिक मोलाचे वाटते, आणि त्यासाठी ते कुटुंब ओळखीचे असण्याची आवश्यकता नाही.

अंबाझरी परिसर:
सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीच्या अतिवृष्टीनंतर अंबाझरी तलाव ओसंडून आमच्या वस्तीत पाणी शिरले, तेव्हा आमचे सारे शेजारी आमच्याइतकेच अडचणीत होते. ओळखीची माणसे एकाच वेळी बुडालेली असली, की मदत अनोळखी माणसाकडूनच येते. सौभाग्यवतींना हे अवश्य सांगावे.

निवृत्त लेखापाल:
निर्णय काहीही झाला तरी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. दानावर आयकरात मिळणारी वजावट, जिला ८०जी ची वजावट म्हणतात, ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक दान रोखीने दिल्यास जुन्या प्रणालीतही मिळत नाही. म्हणून रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये. चांगल्या संस्था तो आनंदाने दाखवतात. जेथे उत्तराऐवजी देवाधर्माच्या गोष्टी ऐकवल्या जातात, तेथे मी तरी पाकीट उघडत नाही. भाच्याचे शुल्क किंवा छप्पर या खर्चावर अशी सवलत कधीच नव्हती, तरी आपण ते केलेत. तेव्हा दोन्हींसाठी रक्कम वेगवेगळी ठेवली तर घरातील वाद बराचसा मिटेल, असे वाटते.